पर्यावरणशास्त्रातून नेट, सेट की गेट? आणि झाल्यावर पुढे काय?

पाणलोट
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचन चालू होतं. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

पर्यावरणशास्त्रात एमएस्सी होऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून पुण्यात एका सल्लागार कंपनीत नोकरी. काम म्हणजे ईआयएचे (पर्यावरणावरच्या परिणामांच्या मूल्यमापनाचे) अहवाल. कारखाना असो, खाण असो, टाऊनशिप असो, हवेचे-पाण्याचे नमुने घ्यायचे, तीन महिन्यांची आधारभूत माहिती गोळा करायची आणि चारशे पानं जुळवायची. त्यातली साडेतीनशे मागच्या अहवालातली. आता कंटाळा आलाय. शिकवण्याची आवड पहिल्यापासून आहे, जमलं तर पीएचडीही करायची आहे.

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी नेट (सहायक प्राध्यापकपदाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) एकदा दिली होती. तयारी शून्य, निकालही त्याच मापाचा. आता ऑगस्टमध्ये ३० पूर्ण होतील, प्रवर्ग खुला. नेटमधूनच मिळणाऱ्या जेआरएफला (पीएचडीसाठीच्या संशोधन फेलोशिपला) ३० ची अट, म्हणजे जूनची फेरी ही शेवटचीच संधी. हातात दहा आठवडे. सगळं सोडून नेटच्या मागे लागावं, की सेट आणि गेटचंही बघावं? आणि मुख्य प्रश्न: या विषयात नेट होऊन कायमची नोकरी लागलेलं कुणी तुमच्या पाहण्यात आहे का? माझ्या वर्गातल्या चौघांची नेट झाली. एक जण बँकेत, एक राज्यसेवेच्या अभ्यासात, दोघं तासिकेवर (तासाच्या मानधनावर).

तासिकाधारी
त्या दोघांत तिसरा मिळवा. २०१७ ला सेट, २०१९ ला नेट, आजतागायत तासिका तत्त्वावर. सेट झालो, सेटल नाही झालो.

खारफुटी
तासिकाधारी, दंडवत घ्या. ;-)

पाणलोटभाऊ, आधी तिन्ही परीक्षा वेगळ्या करून बघा. नेट वर्षातून दोनदा, सगळ्या देशात चालते, आणि झाली तर जेआरएफचीही शक्यता. सेट म्हणजे तशीच पात्रता परीक्षा, पण राज्यपातळीची; पुणे विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी. तिला वयाची अट नाही, पण तिच्यातून फेलोशिपही नाही. खरं तर नेटमध्येसुद्धा नुसत्या सहायक प्राध्यापक पात्रतेला वयाची अट नाही, ती फक्त जेआरएफला. गेटचं प्रकरणच निराळं. 'पर्यावरणशास्त्र आणि अभियांत्रिकी' असा स्वतंत्र पेपर २०२१ पासून आला. गुण तीन वर्षं चालतात. आयआयटीत एमटेक-पीएचडीला उपयोगी, पण कॉलेजात प्राध्यापक व्हायला गेट चालत नाही.

नेट आणि सेटचा आराखडा सारखाच. पहिला पेपर ५० प्रश्न, दुसरा १००, प्रत्येकी दोन गुण, एकूण तीन तास, चुकीला गुण वजा नाहीत. म्हणजे एका अभ्यासात दोन परीक्षा होतात. गेटला मात्र चुकलं की कापतात, आणि गणितं जास्त.

शेवाळ
सीएसआयआर-नेटचं (विज्ञान विषयांची वेगळी नेट) कुणी बोललंच नाही?

खारफुटी
कारण तिथे पर्यावरणशास्त्र हा विषयच नाही. जीवशास्त्र घ्या नाहीतर भूविज्ञान-वातावरण-सागरवाला पेपर घ्या. जीवशास्त्रात परिसंस्था आणि उत्क्रांतीची प्रकरणं आहेत, पण त्यांच्या जिवावर अख्खा पेपर निघत नाही, रेणूजीवशास्त्र लागतंच. आपला विषय यूजीसी-नेटमध्ये, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नेटमध्ये, क्रमांक ८९. इतिहास, मराठी, वाणिज्य यांच्या पंगतीत.

हिरवी_शाई
मी निवृत्त. वनस्पतिशास्त्र शिकवलं ३१ वर्षं आणि त्यातली शेवटची बारा वर्षं 'पर्यावरण'ही. कसं ते सांगतो, म्हणजे धाग्यातल्या मुख्य प्रश्नाचं मूळ कळेल.

सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहतांच्या याचिकेवर १९९१ मध्ये आदेश दिला की पर्यावरण हा विषय सगळ्या पातळ्यांवर सक्तीने शिकवा. बरीच वर्षं कुणी हललं नाही. २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा कान उपटल्यावर अनुदान आयोगाने पदवीसाठी सहा महिन्यांचा सामायिक अभ्यासक्रम लावला: ५० तास, ७५ गुणांची लेखी आणि २५ गुणांचं क्षेत्रकार्य. कला, वाणिज्य, विज्ञान, सगळ्यांना. म्हणजे प्रत्येक कॉलेजात पर्यावरणाच्या शिक्षकाची गरज निर्माण झाली. पण पद निर्माण झालं नाही. वेळापत्रक करताना प्राचार्य बघायचे, कुणाचा वर्कलोड कमी पडतोय? भूगोल? वनस्पती? मग घ्या पर्यावरण. आमच्याकडे एक वर्ष शारीरिक शिक्षणाच्या सरांनी घेतलं. वाईट शिकवलं नाही त्यांनी. निदान मुलांना मैदानावर तरी नेलं.

आणि ते २५ गुणांचं क्षेत्रकार्य! सव्वाशे वह्या, सगळ्यांत त्याच नदीचा पीएच ७.२. एकाने ७.३ लिहिला म्हणून मी त्याला बोलावून घेतलं, तर तो खरोखर नदीवर गेला होता.

माळढोक
=)) ७.३ वाल्याला पैकीच्या पैकी द्यायला हवे होते सर.

हिरवी_शाई
दिले. तो पुढे चार्टर्ड अकाउंटंट झाला.

तासिकाधारी
सरांनी नस पकडली. नव्या शैक्षणिक धोरणात हाच विषय मूल्यशिक्षणाच्या गटात गेला. नाव बदललं, शिकवणारा तोच, ज्याचे तास कमी पडतात तो. मुलाखतीला गेलं की विचारतात, 'तुमच्या विषयाची पदवी आमच्याकडे आहे का?' नाही. 'मग तुमचं पूर्ण पद कशावर मंजूर होणार?' बरोबर आहे त्यांचं. ज्या मोजक्या कॉलेजांत पर्यावरणशास्त्रात बीएस्सी किंवा एमएस्सी चालतं, त्यातलं बरंचसं विनाअनुदानित. अनुदानित पद निघालं तर बिंदुनामावलीत (आरक्षणाच्या पदवार क्रमात) आपला प्रवर्ग येईलच असं नाही. आणि सगळं जुळून आलंच, तर एका संस्थेत मला मुलाखतीनंतर बाहेर बोलावून जो आकडा सांगितला, तेवढ्यात आमच्या गावाकडे दोन एकर येतात. बागायती.

सह्यभटक्या
काय निराशेचा सूर लावलाय राव. भाऊ परीक्षेचं विचारतोय, तुम्ही सातबारा काढलात.

पाणलोट, वेळ कमी आहे म्हणून थेट सांगतो. दुसऱ्या पेपरची दहा प्रकरणं आहेत. एमएस्सी आपल्याच विषयातलं असल्याने प्रदूषण, घनकचरा, परिसंस्था यांवर दोन आठवडे पुरेत. भूविज्ञान, पर्यावरण रसायन आणि संख्याशास्त्र-प्रतिमाने यांना पाच आठवडे द्या. लोक तिथेच मार खातात, कारण 'नंतर बघू' म्हणतात. कायदे आणि करारांना एक. उरलेले दोन आठवडे नुसते जुने पेपर, घड्याळ लावून. पहिल्या पेपरला रोज सकाळी पाऊण तास. त्यात 'लोक, विकास आणि पर्यावरण' नावाचं अख्खं प्रकरण आहे. पॅरिस करार, शाश्वत विकासाची उद्दिष्टं, २००८ चा राष्ट्रीय हवामान कृती आराखडा. इतिहासवाले ते घोकतात, आपल्याला फुकटचे गुण.

गुंतागुंत
माफ करा, पण ही परीक्षा म्हणजे सनावळीची परीक्षा आहे. व्हिएन्ना ८५, माँट्रियल ८७, बाझल ८९, रॉटरडॅम ९८, स्टॉकहोम २००१, मिनामाता २०१३. पाणी कायदा ७४, हवा ८१. हे पाठ असलं की माणूस संशोधनाला पात्र? मी दोनदा दिली, दोनदा गेली, म्हणून बोलतोय असं समजा हवं तर.

खारफुटी
समजलो. :-)
गंमत म्हणजे सनावळी तरी स्थिर असते, नावं राहत नाहीत. १९८० चा वन संवर्धन कायदा २०२३ च्या दुरुस्तीनंतर 'वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम' झाला. जुन्या नोट्सवर अभ्यास करणाऱ्यांनी पर्यायांत नवं नाव बघून तो दुसराच कायदा समजू नये.

रानवाट
गुंतागुंत, अर्धं सहमत. अर्धं नाही, ते का ते सांगते.

धुराच्या लोटावर प्रश्न असतात. लूपिंग, कोनिंग, फॅनिंग, लॉफ्टिंग, फ्युमिगेशन. आकृती बघून नाव ओळखा. मी दोन महिने पाठ करत होते आणि दर वेळी लॉफ्टिंग नि फ्युमिगेशन यांची अदलाबदल व्हायची. मग एका हिवाळ्यात गावी गेले. आमच्या घरामागे वीटभट्ट्या आहेत. पहाटे साडेसहाला गच्चीवर चहा घेऊन उभी होते. धूर वर जाईना, खाली येईना, पट्टीने ओढल्यासारखा आडवा पसरलेला. हे फॅनिंग. रात्रभर जमीन निवून खालची हवा वरच्यापेक्षा गार झालेली, सगळं स्थिर. ऊन वर आलं, जमीन तापली, तिच्यालगतची हवा घुसळायला लागली, पण वर अजून उबदार हवेचं झाकण तसंच. आता धुराला वर वाट नाही, खाली मोकळीक. नऊच्या सुमारास तो सगळा खाली उतरला, आई खोकत खोकत वाळवणं आत घ्यायला लागली. हे फ्युमिगेशन. लॉफ्टिंग याच्या बरोबर उलट, संध्याकाळी: झाकण खाली, मोकळीक वर, जमिनीवरच्यांना सुख.

त्यानंतर ते कधी चुकलं नाही. परीक्षा पाठांतराची आहे हे खरं, पण आपण तिला अजून जास्त पाठांतराची करून ठेवतो.

माळढोक
रानवाट, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका.

शेवाळ
+१. आणि एक गणित माझ्याकडून, कालपासून अडलंय. ३०० मिलीच्या बाटलीत ५ मिली सांडपाण्याचा नमुना. सुरुवातीचा विरघळलेला ऑक्सिजन ८.२, पाच दिवसांनी ३.७. बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजायला लागणारा ऑक्सिजन) किती? मला ४.५ येतंय, पर्यायांत नाहीये.

सह्यभटक्या
विरलीकरण विसरलात. ३०० भागिले ५ म्हणजे ६०. साडेचार गुणिले ६०, २७० मिलिग्रॅम प्रति लिटर.

गुंतागुंत
बाटली ३०० चीच का? १८० ची का नाही?

हिरवी_शाई
१८० ची घेतलीत तर गुणक ३६ येईल, पण पाच दिवसांनंतरचा ऑक्सिजनही त्या मानाने खाली जाईल. त्या ३६ ने ३.७ चं गणित करू नका. बीओडी बाटलीवर ठरत नाही, आत काय आहे त्यावर ठरतो.

गुंतागुंत
सर, आतलं काय ते माहीत आहे हो. :-D

पाणलोट
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. ऑफिसात चोरून वाचलं. सह्यभटक्यांचं वेळापत्रक छापून घेतलं आहे. एक शंका: बिनपगारी रजा दहा आठवडे मिळणार नाही, म्हणजे राजीनामाच. देऊ का? घरी हप्ता आहे. पण ही संधी गेली तर जेआरएफचा विषय कायमचा संपतो, म्हणून जीव वर-खाली होतोय.

सह्यभटक्या
शेवटची संधी असेल तर द्या दादा. पुन्हा नोकरी मिळेल, वय मिळणार नाही.

तासिकाधारी
देऊ नका! नेटला देशभरातून हजर राहिलेल्यांपैकी जेमतेम सहा टक्के पात्र ठरतात, जेआरएफ त्याहूनही कमी. आणि जून २०२४ आठवतंय का? १८ तारखेला पेपर दिला, १९ ला परीक्षाच रद्द, मग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा. त्या वेळी माझ्या ओळखीत एकाने नोकरी सोडून अभ्यास केला होता. त्याचे ते दोन-अडीच महिने कसे गेले ते मी पाहिलंय.

डोंगरकूस
मी ईआयएच्याच धंद्यात आहे, १४ वर्षं. दुसरी बाजू मांडतो. आपल्या कामाला किंमत आहे ती मान्यताप्राप्त क्षेत्रतज्ज्ञ म्हणून नाव लागण्यात. तिथे नेटचं प्रमाणपत्र कुणी विचारत नाही. कंटाळा म्हणताय, पण तो अहवाल चिकटवण्याचा कंटाळा आहे की विषयाचा? मला चांगली जनसुनावणी अजून आवडते. मागच्या वर्षी एका आजीने उभं राहून विचारलं, 'तुमच्या कागदावर आमचा ओढा कोरडा दाखवलाय, तुम्ही मे महिन्यात आला होतात का?' आलो होतो. त्या एका प्रश्नाने आमचा जलविज्ञानाचा अख्खा भाग पुन्हा झाला. वर्गात शिकवताना असलं काही सांगणारा माणूस लागतो, हेही खरं. म्हणजे मी तुम्हाला थांबवतोय की ढकलतोय, मलाच कळेना.

वनस्पतीवाली
थोडं अवांतर, पण यातच बसेल. माझं एमएस्सी वनस्पतिशास्त्रात, नेट पर्यावरणशास्त्रात. सोपी वाटली म्हणून दिली, झालीही. आता वनस्पतिशास्त्राच्या पदाला नेट वेगळ्या विषयातली म्हणून बाद, पर्यावरणाच्या पदाला एमएस्सी वेगळ्या विषयातलं म्हणून बाद. जानेवारी २०२५ च्या नियमांच्या मसुद्यात नेटचा विषय ग्राह्य धरायचं म्हटलं होतं, पण मसुदा दाखवून नोकरी मिळत नाही. नवख्यांनी ज्यात एमएस्सी त्यातच परीक्षा द्यावी. पाणलोट, तुमचं ते बरोबर आहे, नशीबवान आहात.

माळढोक
एक विचारू का? पाणलोट, तुम्ही दादा की ताई? मघापासून दोन्ही पोस्टी उलटसुलट वाचतोय. 'परीक्षा दिली होती', 'वाचन चालू होतं', 'छापून घेतलं आहे', 'देऊ का'. एक 'करतो' नाही की एक 'करते' नाही. आमचे मराठीचे सर असते तर व्याकरणाच्या तासाला उदाहरण म्हणून घेतलं असतं. उगाच चौकशी नाही, कारण आहे.

पाणलोट
ताई. :-) मुद्दामच तसं लिहिलं. मागे दुसऱ्या एका संकेतस्थळावर 'करते' लिहिल्याबरोबर तासाभरात खरडवही (निरोपांची वही) भरली होती. पण कारण काय?

माळढोक
मग जेआरएफला तुमची वयोमर्यादा ३० नाही, ३५ आहे. स्त्रियांना पाच वर्षांची सवलत आहे, प्रवर्ग कोणताही असो.

सह्यभटक्या
अहो!!! दहा आठवड्यांचं वेळापत्रक लिहून दिलं मी. राजीनामा द्या म्हणालो. तुमच्याकडे पाच वर्षं आहेत आणि वर्षाला दोन फेऱ्या!

तासिकाधारी
दिला नाहीत ना?

पाणलोट
ड्राफ्ट करून ठेवला होता. शपथ. वाचून पाच मिनिटं नुसती बसून होते. एका क्लासच्या पत्रकावर 'वय ३०' एवढंच ठळक छापलं होतं आणि सवलत फक्त आरक्षित प्रवर्गांना असते असं मी धरून चालले. माहितीपुस्तिका उघडली तर तिथे स्वच्छ लिहिलंय. दुसऱ्यांच्या अहवालातल्या चुका काढायचा पगार घेते मी!

डोंगरकूस
ओढ्याची पाहणी मे महिन्यातच केलीत म्हणा की. :-)

रानवाट
आता घाई नाही, तर मूळ प्रश्नाकडे येते. नोकरी लागलेलं कुणी आहे का? मी आहे. पण ज्या वाटेने जायचं म्हणताय त्या वाटेने नाही.

सहायक प्राध्यापकपदाला जुलै २०२३ पासून नेट, सेट किंवा तत्सम परीक्षा हीच किमान पात्रता ठरली, पीएचडीची सक्ती गेली. ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात मुलाखतीत समोर पीएचडीवालेच बसलेले असतात. म्हणून मी नेटकडे पात्रता म्हणून पाहिलंच नाही, जेआरएफकडे पाहिलं. दोन वर्षं जेआरएफ, पुढे एसआरएफ (तीच फेलोशिप, वरिष्ठ टप्पा). माझ्या वेळी रक्कम कमी होती. जानेवारी २०२३ पासून ३७ हजार आणि नंतर ४२ हजार, घरभाडं वेगळं. बहुतेक ठिकाणी पीएचडीची लेखी प्रवेशपरीक्षा टळते आणि मार्गदर्शकाला तुम्ही ओझं वाटत नाही, कारण पैसे तुमचे तुम्ही आणता. माझं काम नदीतल्या गाळातल्या जड धातूंवर झालं. त्यातूनच एका संशोधन संस्थेत प्रकल्पावर, आणि तिथून चौथ्या जाहिरातीला कायम. आता आठवड्यातून दोन तास शिकवते, बाकी प्रयोगशाळा. कॉलेजातलं पद मला कधीच मिळालं नाही.

फेलोशिप दर महिन्याच्या एक तारखेला येते असं मात्र समजू नका. एकदा सलग पाच महिने आली नव्हती. हप्ता असेल तर सहा महिन्यांची पुंजी बाजूला ठेवूनच उडी मारा.

तासिकाधारी
सलग पाच महिने? मग आमचं आणि तुमचं एकच आहे की. फक्त तुमच्याकडे गाळ आहे.

पाणलोट
रानवाट, हेच ऐकायचं होतं बहुतेक. ठरलं ते असं: राजीनामा नाही. जूनची फेरी सराव म्हणून, खरा जोर डिसेंबरला, मधे सेट आली तर तीही. गेट सोडून दिली. भूविज्ञान आजपासून, कारण कंपनीत ते प्रकरण नेहमी दुसऱ्याकडे ढकललं आहे. शेवाळ, तुम्हीही जूनला असाल तर रविवारी ऑनलाइन पेपर सोडवायला बसू या का?

शेवाळ
चालेल. बीओडीची गणितं तुमच्याकडे.

पाणलोट
फॉर्म भरला. केंद्र पुणे. फोटोत कान दिसत नाहीत म्हणून दोनदा परत आला.

माळढोक
शुभेच्छा. स्त्री-पुरुष रकाना नीट भरलात ना? इथल्यासारखा मोकळा सोडू नका.